वजन उतरवायचं इंजेक्शन आणि झिजलेले गुडघे: आईला सुरू करावं का?

कृष्णाकाठ

आईचं वय ६३, उंची १५२ सेंमी, वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय ३६ च्या वर. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. एक्स-रेच्या रिपोर्टवर केएल ग्रेड ३ (झिजेच्या ० ते ४ या मापावर) लिहिलंय, आतली बाजू जास्त गेलेली. जिना उतरताना आणि खाली बसून उठताना सगळ्यात जास्त त्रास. मधुमेह जुना, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९.

चालू गोळ्या: मेटफॉर्मिन-विल्डाग्लिप्टिन ५००/५० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी, टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ ची बीपीची गोळी. गुडघे धरले की एटोरिकॉक्सिब ९० घेते, आठवड्यातले चार-पाच दिवस तरी.

फिजिशियन आठवड्याचं इंजेक्शन सुरू करू म्हणतात, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड. ऑर्थोवाले म्हणतात ऑपरेशनची घाई नाही, वजन उतरलं तर बघू. याने गुडघ्याला खरंच फरक पडतो का, किती दिवसांत, आणि या गोळ्यांबरोबर काही भांडण होतं का? सुईपेक्षा गोळी बरी, असं आईचं म्हणणं आहे, त्याचंही सांगा.

वॉर्ड_नंबर_सहा

सेमाग्लुटाइडपुरतं उत्तर चांगल्या चाचणीतून आलेलं आहे. ‘स्टेप ९’ ही चाचणी ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. ४०७ माणसं, सगळ्यांचा बीएमआय ३० किंवा वर, गुडघ्यात मध्यम झीज आणि बऱ्यापैकी दुखणं. ६८ आठवडे एका गटाला २.४ मिग्रॅ सेमाग्लुटाइड, दुसऱ्याला औषध नसलेलं इंजेक्शन. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही. वजन १३.७ टक्के विरुद्ध ३.२ टक्के उतरलं. दुखणं ० ते १०० च्या मापावर सरासरी ७१ च्या आसपास होतं, ते औषधाच्या गटात ४१.७ ने आणि दुसऱ्या गटात २७.५ ने घटलं.

आता हा आकडा नीट वाचा. पेपरात ‘दुखणं निम्म्याहून कमी’ असं छापून येतं, पण औषध न मिळालेल्यांचंही २७ ने कमी झालं होतं. औषधाच्या पदरात पडतात ते मधले साधारण १४. ते कमी नाहीत, पेशंटला जाणवण्याइतके आहेत, पण चमत्कारही नाही.

दुसरं, त्या चाचणीतल्या लोकांचा सरासरी बीएमआय ४० होता आणि वय ५६. आईंचं वजन त्यांच्याहून कमी आणि वय जास्त. शिवाय मधुमेह असला की याच औषधाने वजन कमी उतरतं: मधुमेह नसलेल्यांच्या ‘स्टेप १’ मध्ये १४.९ टक्के, मधुमेह असलेल्यांच्या ‘स्टेप २’ मध्ये ९.६. टिर्झेपॅटाइडचंही तसंच, १५ मिग्रॅच्या डोसवर २० टक्क्यांच्या पुढे जाणारा आकडा मधुमेहात १५ च्या आत येतो. त्यामुळे आईंसाठी आठ-नऊ किलो धरून चाला. शेजारच्या कुणाचे वीस उतरले असतील, तो हिशोब इथे लावू नका.

आठ किलोने काय होतं? चालताना शरीराचं एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो, असं २००५ च्या अमेरिकन अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे पावलाला तीसेक किलो. चरबीतून येणारी सूज वाढवणारी रसायनं कमी होतात तो फायदा वेगळा. कूर्चा (सांध्यातल्या हाडांमधली गादी) मात्र परत उगवत नाही. ‘झीज भरून निघते’ असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

आणि औषध घेतलं म्हणजे दुखणं कमी होणारच, असंही नाही. डेन्मार्कमध्ये १५६ जणांना आधी आठ आठवडे कडक आहारावर ठेवून वजन उतरवलं, मग वर्षभर लिराग्लुटाइड (याच कुळातलं इंजेक्शन) किंवा डमी दिलं. लिराग्लुटाइडवाल्यांचं वजन डमीवाल्यांपेक्षा चारेक किलो कमी राहिलं, पण दुखण्यात दोन गटांत फरक पडला नाही. उलट २०१३ च्या ‘आयडिया’ चाचणीत औषधाशिवाय, आहार आणि व्यायाम दोन्हींवर दीड वर्षात ११ टक्क्यांच्या वर वजन उतरलं आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्या लोकांचं दुखणं कमी राहिलं. माझ्या मते औषध हे वजन उतरवायचं एक साधन आहे. त्याला गुडघ्याचं औषध समजू नये.

किती दिवसांत: सेमाग्लुटाइड ०.२५ ने सुरू होऊन दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत जातं, म्हणजे पूर्ण डोसला पोचायलाच चार महिने. मळमळ झाली तर एखादी पायरी लांबवतात. सहा महिने झाल्याशिवाय गुडघ्याचा निकाल लावू नका.

तोंडाने घ्यायची सेमाग्लुटाइडची मधुमेहाची गोळी (३, ७, १४ मिग्रॅ) म्हणजे २.४ च्या इंजेक्शनची बदली नव्हे. वजन कमी उतरतं आणि घ्यायची रीत कडक: उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर, पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. स्टेप ९ चे आकडे त्या गोळीला लावता येत नाहीत.

गोळीवाला

वरच्यांनी पुरावा सांगितला, मी भांडणाचं सांगतो. तुमच्या यादीत एक नाही, चार जागा आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे एटोरिकॉक्सिब. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि वेदनाशामक हे त्रिकूट एकत्र आलं की मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण येतो. एकाने आत येणाऱ्या रक्ताची नळी आकसते, एकाने बाहेर जाणारी सैल पडते, आणि तिसऱ्याने अंगातलं पाणी कमी होतं. एरवी हे कसंबसं निभतं. डोस वाढवल्यावर दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, पाणी पोटात ठरेना, तरी सगळ्या गोळ्या नेमाने चालू, की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. या इंजेक्शनांनी मूत्रपिंडाला इजा होते ती बहुतेक वेळा अशी, पाणी आटल्याने. म्हणून:

सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून ठेवा आणि डोस वाढले की पुन्हा. उलट्या किंवा जुलाबाच्या दिवशी एटोरिकॉक्सिब पूर्ण बंद. त्या दिवशी बीपीची गोळी आणि मेटफॉर्मिन थांबवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. रात्री दहाला फोन लागत नाही. खाणंपिणं नीट सुरू झालं की एक-दोन दिवसांत परत चालू करतात.

आणि ९० कशाला? झिजेच्या दुखण्यासाठी एटोरिकॉक्सिबचा डोस ३० मिग्रॅ, फार तर ६०. बीपीही त्याने चढतं. आधी डायक्लोफेनॅक जेल नीट लावून बघा. ‘जेलने काही होत नाही’ म्हणणारे मटारच्या दाण्याएवढं लावतात. एक टक्क्याच्या जेलचा गुडघ्याचा डोस एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. दोन्ही गुडघ्यांना पूर्ण डोस लावला तर ३० ग्रॅमची ट्यूब दिवसभरात संपते! एवढं रोज परवडत नाही हे खरं, पण जास्त दुखणाऱ्या एका गुडघ्याला तरी पुरेसं लावा. पॅरासिटामॉल ६५० लागलं तर दिवसाला तीन-चारच्या वर नाही, आणि ‘कॉम्बिनेशन’च्या गोळीत ते आधीच आहे का ते पाकिटावर वाचा.

ग्लिमेपिराइड: इंजेक्शनबरोबर साखर घसरते ती या गोळीमुळे, म्हणून सुरुवातीलाच ती निम्मी किंवा बंद करतात. हे विचारल्याशिवाय पहिली सुई घेऊ नका. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चतुर्थी-एकादशी करत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

विल्डाग्लिप्टिन: त्याच वाटेने काम करणारं कमजोर औषध, इंजेक्शन असताना त्याचा उपयोग नाही. साधं मेटफॉर्मिन ठेवतात.

बीपी: वजन उतरलं की बीपीही उतरतं आणि जुना डोस जास्त होतो. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून आणि उभं राहून असं दोन्ही मोजा. झिजलेल्या गुडघ्यांच्या माणसाचं घेरी येऊन पडणं परवडत नाही. वेगोव्हीच्या (वजनासाठीचं २.४ चं सेमाग्लुटाइड) अमेरिकन माहितीपत्रकात हृदयविकाराच्या मोठ्या चाचणीतला एक आकडा दिला आहे: बायकांमध्ये खुबा-कटीची हाडं मोडायचं प्रमाण १ टक्का, डमी घेणाऱ्यांत ०.२ टक्के. आकडा छोटा, पण साठीपुढच्या बाईसाठी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. डेक्सा (हाडं किती भक्कम ते मोजणारा स्कॅन) आणि ड जीवनसत्त्व करून घ्या. मेटफॉर्मिन जुनं आहे म्हणून बी१२ पण.

मधुमेह जुना असेल तर पहिल्या सुईआधी डोळ्याचा पडदाही तपासून घ्या. साखर झपाट्याने उतरली की आधीचा रेटिनाचा आजार काही काळ वाढू शकतो. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ही इंजेक्शनं द्यायचीच नाहीत.

स्नायुबंध

फिजिओच्या बाजूने. उतरलेल्या वजनात नुसती चरबी नसते. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत डेक्सावर (हाच स्कॅन चरबीही मोजतो) मोजलं तेव्हा उतरलेल्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग चरबी नसलेला होता, टिर्झेपॅटाइडच्या चाचणीत २५ टक्के. तो सगळा स्नायूच नसतो, त्यात पाणीही आलं, पण मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघ्याचा धक्का सोसायला कुणी उरत नाही. मग ‘आठ किलो उतरले तरी जिना तसाच’ ही तक्रार येते.

काट्यापेक्षा एक सोपी तपासणी ठेवा. ४३ सेंमी उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या बाईसाठी १२ च्या खाली म्हणजे कमी. दर चार आठवड्यांनी तोच वार, तीच खुर्ची. वजन उतरतंय आणि हा आकडाही उतरतोय, तर स्नायू चाललाय. डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांना हे सांगा.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून:

– गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबायची, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा.
– पाठीवर झोपून एक पाय सरळ वीतभर वर, तीन सेकंद धरून सावकाश खाली. दहाचे दोन फेरे. सोपं वाटलं की घोट्याला अर्धा किलो.
– कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला वर. खुब्याचे स्नायू ढिले असले की गुडघा आत ओढला जातो, म्हणून हा सोडू नका.
– खुर्चीतून उठबस, आठाचे तीन फेरे. पहिले पंधरा दिवस सीटवर उशी ठेवून उंची वाढवा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश यायचं. धपकन बसलं की अर्धा फायदा गेला.
– महिन्याने १० सेंमीच्या पाटावर चढ-उतार, ओट्याला हात धरून.

दुखणं दहापैकी चार-पाचपर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी पूर्ववत व्हायला हवं. नाही झालं तर फेरे कमी करा, व्यायाम बंद नको. मळमळ साधारण सुईनंतरच्या एक-दोन दिवसांत जास्त असते. सुई शनिवारी घेतली तर मंगळवार-गुरुवार-शनिवार हा व्यायामाचा क्रम बरा बसतो, शनिवारचा व्यायाम सुईच्या आधी. नुसतं चालणं चांगलंच, पण त्याने मांडी राहत नाही.

काठी वापरत असतील तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या रेषेइतकी उंच. बरेच जण नेमकी त्याच बाजूला धरतात. भाजी निवडायला खाली मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास हे दोन्ही आत्ता सोडायचे. वजन उतरल्यावर परत सुरू करायचे, असं नाही.

चौरस_ताट

स्नायुबंध यांना अनुमोदन, पण प्रथिनं नसतील तर तो व्यायाम वाया. भूक मेल्यावर बायका पहिलं काय सोडतात? उसळ आणि वरण. चहा-बिस्किट आणि दोन घास भात उरतो.

आईंच्या उंचीला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं धरा (क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारून). शाकाहारी ताटात हे सहज होत नाही. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम असतात, घट्ट वरणात सहा-सात. मटकीच्या उसळीची वाटी साधारण आठ. ४० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं दहा. पाव कप बेसनाचं पिठलं सहा-सात. कोरडे ३० ग्रॅम सोया चंक्स पंधरा. ५० ग्रॅम पनीर नऊ, पेलाभर दूध सहा-सात. ज्वारीची भाकरी तीन-चार. अंडं चालत असेल तर एकाला सहा. बांगडा किंवा सुरमईचा १०० ग्रॅमचा तुकडा एकोणीस-वीस.

ताटात आधी उसळ-पनीर-पिठलं, मग भाकरी, भात सगळ्यात शेवटी. पोट सावकाश रिकामं होत असतं, चार घासांत भरतं, म्हणून पहिले घास कामाचे हवेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी. तळलेलं आणि रात्री उशिरा खाणं यांनी मळमळ वाढते. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिनं फक्त शेंगदाण्याची. त्या दिवशी दूध, दही, पनीर आठवणीने.

बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलं. इसबगोल एक चमचा, पण भरपूर पाण्याबरोबर. कमी पाण्यात घेतलं तर उलटाच परिणाम.

कृष्णाकाठ

भरपूर मिळालं, धन्यवाद. दोन शंका. इंजेक्शन व्हायलचं (औषधाची छोटी बाटली, सिरिंजने भरायची) की पेनचं? आणि सहा महिन्यांत फरक नाही पडला, ऑपरेशन ठरलं, तर इंजेक्शन कधी थांबवायचं?

गोळीवाला

टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं ते एकेरी डोसच्या व्हायलमध्ये. त्यात अर्धा मिली, सगळा एका वेळी घ्यायचा. घोटाळा सिरिंजचा होतो: इन्सुलिनच्या १०० युनिटच्या सिरिंजवर अर्धा मिली म्हणजे ५० ची रेघ. ‘अडीच मिग्रॅ’ वाचून २.५ युनिट घेणारे असतात. उलट मोठ्या ताकदीची व्हायल आणून दोन-तीन वेळा वापरणारेही असतात. तीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन नसतं, तेव्हा ते नको. हात थरथरत असतील, नजर कमी असेल तर पेनच घ्या.

सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलंय. स्वस्त ब्रँड घ्यायला हरकत नाही, पण ब्रँड बदलला की पेनवरचा मिग्रॅ आणि मिली पुन्हा वाचा. बिल आणि बॅच नंबर हवाच. इन्स्टावरच्या ‘पेप्टाइड पावडर’च्या नादी लागू नका.

फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, बर्फाच्या खणाला चिकटवून नाही. गोठलेलं औषध वितळून साफ दिसलं तरी फेकायचं. दर वेळी नवी सुई, टोचल्यावर पेनला लावून ठेवायची नाही.

सुई चुकली तर: सेमाग्लुटाइडची पुढची ठरलेली सुई दोन दिवसांहून लांब असेल तर आठवल्यावर घ्या, नाहीतर ती सोडा. टिर्झेपॅटाइड चुकल्यापासून चार दिवसांच्या आत घेता येतं. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले तर आधीच्या मोठ्या डोसवर थेट उडी मारू नका, डॉक्टर खालून सुरू करतील.

वॉर्ड_नंबर_सहा

ऑपरेशनचं. वेळ ठरताच भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन सांगा, शेवटची सुई कोणत्या तारखेला आणि किती डोस, लिहून. उपाशी असूनही पोटात अन्न राहतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. २०२३ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञांचा सल्ला आठवडाभर आधी थांबवा असा होता. ऑक्टोबर २०२४ च्या संयुक्त सल्ल्यात तो सैल झाला, बऱ्याच जणांना चालू ठेवून आदल्या २४ तासांत फक्त द्रव आहार देतात. डोस वाढवण्याच्या टप्प्यात असाल किंवा मळमळ-पोटफुगी असेल तर जोखीम जास्त, तेव्हा त्यांचं ऐका. परस्पर थांबवू नका, मधुमेह आहे, साखर वर जाते.

कोणत्या गुडघ्याला वाट बघण्यात अर्थ नाही हेही सांगतो. गुडघा पूर्ण सरळच होत नाही, पाय धनुष्यासारखा वाकत चाललाय, रात्री झोपेत दुखतं, किंवा केएल ४ म्हणजे हाडाला हाड लागलंय. अशा गुडघ्यावर स्टेप ९ झालेली नाही. वजन उतरवणं ऑपरेशन सुखरूप व्हायला उपयोगी, टाळायला नाही.

एक शेवटची खूण. एका रात्रीत गुडघा लाल, गरम, टम्म सुजला तर तो झिजेचा झटका समजून एटोरिकॉक्सिब देऊन झोपवू नका. वजन झपाट्याने उतरताना यूरिक अ‍ॅसिड वाढू शकतं, हायड्रोक्लोरोथायाझाइडने ते वाढतंच, तेव्हा गाउट (यूरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून येणारी सूज) असू शकतो. ताप असेल तर सांध्यातला जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवायचं. तसंच पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारं, न थांबणारं दुखणं, किंवा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ: स्वादुपिंड आणि पित्ताशय. अशा वेळी पुढची सुई न घेता थेट दवाखाना.

खर्चाचा विचार करताना हेही धरा: ‘स्टेप १’ नंतर औषध बंद केलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं. चार महिन्यांचे पैसे आहेत आणि पुढचं ठरलेलं नाही, तर सुरू करण्याआधी फिजिशियनशी पुन्हा एकदा बसा.